गिझर पुन्हा पुन्हा विझतो, तेव्हा

हिवाळ्यात एक बातमी कुठल्या ना कुठल्या शहरातून येतेच. आंघोळीला गेलेले माणूस बाहेर येत नाही, हाका मारून उपयोग होत नाही, शेवटी दार तोडावे लागते. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची एक मुलगी अशीच बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावली. मार्च २०२३ मध्ये धुळवड खेळून आलेले घाटकोपरचे एक जोडपे न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. संशय गॅस गिझरवरच गेला. अशा बातम्यांच्या मथळ्यात बहुतेक वेळा ‘गॅस गळती’ हे शब्द असतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

गळणारा गॅस नाकाला कळतो. सिलिंडरमधल्या एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती लक्षात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. गिझर जीव घेतो तेव्हा मात्र गॅस बहुधा गळालेला नसतो, जळालेला असतो. फक्त नीट जळालेला नसतो. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. ‘गळती’ हा शब्द वाचणारा माणूस नळी आणि रेग्युलेटर साबणाच्या फेसाने तपासतो, बुडबुडे आले नाहीत म्हणून निश्चिंत होतो आणि आतून कडी लावून आंघोळीला बसतो.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या पाच-सहापट. एक किलो गॅस पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा असते. गिझर दहा मिनिटे चालला तर त्यातल्या सुमारे दोन घनमीटर हवेचा प्राणवायू संपतो. झरोका उघडा असेल तर बाहेरून भर पडत राहते. तो बंद असेल आणि घरातली दोन-तीन माणसे पाठोपाठ आंघोळीला गेली, तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला माणूस आणि ज्योत दोघांनाही न पुरणारी हवा येते. ज्योतीला प्राणवायू कमी पडला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,६०० भाग झाले तर वीसेक मिनिटांत डोके दुखते, गरगरते, मळमळते. दोन तासांच्या आत मृत्यू येऊ शकतो. प्रमाण याच्या आठपट झाले तर काही मिनिटे पुरतात. त्यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पाय आधी लुळे पडतात. काहीतरी चुकते आहे हे माणसाला उमगते, पण कडीपर्यंत हात पोहोचत नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले साखरा हे अशा बातम्यांत झळकणारे गाव नव्हे. पण गॅस गिझर आता शहरापुरता राहिलेला नाही आणि साखऱ्यासारख्या गावांत तो येण्याची कारणेही शहरापेक्षा वेगळी आहेत. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पारा अधूनमधून १० अंशांखाली उतरतो. नेमके तेव्हाच गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मोटारी चालू असतात, विजेचा दाब उतरलेला असतो आणि विजेचा गिझर असला तरी नीट तापत नाही. सरपण मिळत नाही, मिळाले तर ते फोडायला घरात माणूस नसते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर मात्र खेड्यापाड्यांत पोहोचले. अशा घराने काही हजार रुपयांचा गिझर आणून भिंतीवर टांगला, तर त्यात नवल नाही.

अडचण त्या भिंतीची आहे. पूर्वीचा तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत पेटायचा. त्याच्यातूनही हाच विषारी वायू निघत असे, पण तो मोकळ्यावर जात असे आणि धूर डोळ्यांना आधीच कळत असे. जुन्या न्हाणीला तर अनेकदा छप्परच नसायचे. आता स्लॅबचे बंद न्हाणीघर झाले, थंडीच्या दिवसांत झरोक्यात पोते किंवा पुठ्ठा कोंबला जातो आणि अग्नी आत आला. याच जिल्ह्यात हळद शिजवण्याचा हंगाम आला की शेतात मोठाल्या भट्ट्या पेटतात. ती भट्टी खोलीत पेटवून दार लावून घ्यावे, असे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. गिझरची ज्योत पत्र्याच्या पांढऱ्या खोक्याआड असते, म्हणून ती भट्टीच आहे हे लक्षात राहत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न इथून पुढे येतो आणि खरा धोका बराचसा तिथेच आहे. गिझर बिघडला की मालकाची तक्रार बहुधा तीनांपैकी एक असते: पेटत नाही, पाणी पुरेसे तापत नाही, मध्येच विझतो.

पहिल्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा किरकोळ असते. ठिणगी पाडणाऱ्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात किंवा पाण्याला दाब नसतो. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि मगच गॅसची झडप उघडते. टाकी नळाच्या दोन मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.२ बार भरतो आणि बऱ्याच गिझरना तो पुरत नाही. उपाय टाकी उंच करणे किंवा कमी दाबावर चालणारा गिझर घेणे हा आहे. पण कमी खर्चाचा म्हणून आतली स्प्रिंग ढिली करण्याचा उपाय होतो. मग पाणी नीट वाहत नसतानाही गॅस जळू लागतो आणि तांब्याची नळी कोरडी तापते.

दुसरी तक्रार मराठवाड्यात हमखास येते, कारण बोअरचे पाणी जड आहे. तांब्याच्या नळीच्या आत क्षारांचा थर बसतो आणि उष्णता पाण्यात उतरत नाही. लिंबूसत्त्वाच्या पातळ द्रावणाने तो निघतो आणि हे काम बहुतेक कारागिरांना येतेही. त्याच नळीच्या बाहेरच्या बाजूला, पातळ पात्यांच्या फटींत जी काजळी, धूळ आणि जाळी साचते, तिच्याकडे मात्र क्वचितच कुणी बघतो. कारण तिच्याबद्दल गिऱ्हाइकाची तक्रारच नसते. पाणी तापत असते. पण जळालेला वायू वर निघून जायची वाट त्याच फटींतून असते. ती तुंबली की ज्योतीचा श्वास कोंडतो, ज्योत पिवळी पडते, आणखी काजळी धरते, फटी आणखी तुंबतात. निळी ज्योत दिसली म्हणजे सगळे ठीक असेही समजू नये. हवा हळूहळू कमी होत असेल तर ज्योत बराच वेळ निळी दिसूनही विषारी वायू सोडू शकते.

सर्वांत जास्त जपायला हवे ते तिसऱ्या तक्रारीला. मध्येच विझणारा गिझर अनेकदा बिघडलेला नसतो; तो आपले काम करत असतो. बऱ्याच गिझरमध्ये ठरावीक मिनिटांनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते, अति तापल्यावर गॅस तोडणारा संवेदक असतो, ज्योत गेली तर झडप मिटवणारी यंत्रणा असते. काहींमध्ये हवेतला प्राणवायू कमी झाल्याचे ओळखून गॅस तोडणारा भागही असतो. डोक्याला साबण लावलेल्या माणसाला हे सगळे कटकटीचे वाटते. तो कारागिराला बोलावतो, कारागीर संवेदकाच्या दोन तारा एकमेकींना जोडून देतो आणि गिझर अखंड चालू लागतो. मालक खूश होतो, काम पाच मिनिटांत होते आणि न्हाणीघरातला एकमेव पहारेकरी गेलेला असतो.

हे धास्तीपोटी रचलेले चित्र नाही. जपानमध्ये पालोमा या कंपनीच्या पाणी तापवण्याच्या यंत्रांबाबत नेमके हेच घडले. १९८५ पासून सुमारे २० वर्षांत अशा २८ घटना झाल्या आणि त्यांत २१ माणसे मेली. जळालेला वायू बाहेर फेकणारा पंखा बंद पडला तर गॅस तोडायची सोय त्या यंत्रांत होती. तिचा एक भाग बिघडून यंत्र उगाचच बंद पडू लागले, सुटे भाग वेळेवर मिळेनात आणि दुरुस्तीवाल्यांनी तारा जोडून तो पहारा काढून टाकला. गिऱ्हाइकांची यंत्रे पुन्हा चालू झाली. २००६ मध्ये जपानी सरकारने प्रकरण उघड केले. २०१० मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. तारा जोडणारे हात कारागिरांचे असले तरी कंपनीला धोक्याची कल्पना असताना तिने ग्राहकांना सावध केले नाही, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. घरगुती वस्तूंमुळे झालेले गंभीर अपघात कंपन्यांनी सरकारला कळवलेच पाहिजेत, असा कायदा त्यानंतर जपानमध्ये आला.

वसतिगृहे, लॉज, मंगल कार्यालये अशा ठिकाणी हीच गोष्ट मोठ्या मापाने होते. पहाटे तासाभरात ४०-५० जणांना गरम पाणी हवे असते. तीन-चार गिझर एकाच रेग्युलेटरवर जोडले की सगळे एकदम चालू झाल्यावर गॅसचा दाब पडतो. त्यात पहाटेची थंडी असते. सिलिंडरमधला द्रव गॅस बाहेरची उष्णता घेऊन वायू बनतो. एकाच टाकीतून जास्त गॅस ओढला की ती गार पडते, वर दव धरते आणि गॅस कमी येतो. मग टाकी हलवायची, गरम पाण्यात ठेवायची, असले जिवावरचे प्रकार होतात. व्यवसायासाठी १९ किलोचे सिलिंडर, पुरेशा टाक्यांची जोडणी आणि मापाचा रेग्युलेटर असा योग्य मार्ग आहे. गिझर न्हाणीघरात न ठेवता बाहेर शेडमध्ये, वर आणि खाली झरोके असलेल्या जागेत हवेत. खालचा झरोका गळालेल्या जड गॅससाठी आणि ताज्या हवेसाठी, वरचा जळालेल्या गरम वायूसाठी. न्हाणीघरात फक्त पाण्याचा पाइप जावा. घरगुती गिझरलाही हेच लागू आहे आणि खर्च काही फूट पाइपचा आहे. आतच ठेवून पंखा बसवणे हा अर्धामुर्धा उपाय झाला. झरोका बंद असताना पंखा धुराड्यातून जाणारा वायूच उलटा आत ओढू शकतो.

या विषबाधेचा माणूस दवाखान्यात पोहोचला तरी निदान हुकण्याची भीती असते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनानंतर सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पण त्याला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रक्त विषाने भरलेले असताना तो ९८ दाखवू शकतो. न्हाणीघरात झटका येऊन पडलेल्या माणसाला मिरगी समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात. भारतातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे. पकडायचा धागा एकच आहे: झटका नेहमी आंघोळीच्या वेळीच येतो का? साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. म्हणून घरच्यांनी आधी दार उघडून माणसाला बाहेर काढावे, गॅस बंद करावा आणि दवाखान्यात ‘गिझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही काही दिवसांनी विसराळूपणा किंवा चालण्यात अडखळणे सुरू होऊ शकते, तेव्हा फेरतपासणी चुकवू नये.

ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाला हात लावणाऱ्या कारागिराची अधिकृत नोंदणी असावी लागते आणि भाड्याच्या घरात वर्षातून एकदा तपासणी करून घेणे मालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. ते यंत्र कसे बनवावे हे सांगते. दोन-तीन हिवाळ्यांनंतर ते कुणी उघडावे आणि आत काय पाहावे, हे सांगणारे कुणी नाही. तेल कंपन्यांच्या सुरक्षा तपासणीत नळी, रेग्युलेटर आणि शेगडी पाहतात. त्याच फेरीत न्हाणीघरातल्या गिझरकडे नजर टाकायला पाच मिनिटे जास्त लागतील: झरोका उघडा आहे का, पात्यांत काजळी आहे का, संवेदकाच्या तारा जागेवर आहेत की एकमेकींना गुंडाळलेल्या. तालुक्यातल्या शेगडी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना एवढे शिकवायला दोन दिवस पुरावेत. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला तर त्यासाठी कुणाची वाट पाहायचीही गरज नाही. दुरुस्तीच्या पावतीवर ‘संवेदक चालू स्थितीत’ ही ओळ लिहून मागितली की झाले.