३० पेसोंची सूट आणि स्टॉलवालीचं गणित

स्टॉलवर गेल्यावर तुम्ही भाव करता? मी तर करतेच. "ताई, शेवटचं सांगा" असं म्हणायला आपल्याला काही वाटत नाही, तसं ते फिलिपिन्समधल्या बायकांनाही वाटत नाही. तिथे घासाघीस करण्याला 'तावाद' म्हणतात. स्टॉलवर बाई असेल तर तिला 'आते' म्हणायचं. आपल्या आत्याशी या शब्दाचा काही संबंध नाही, त्याचा अर्थ ताई. पुरुष असेल तर 'कूया', म्हणजे दादा. मग गोड आवाजात विचारायचं, "आते, लास्ट प्राइस?" ३०० पेसोंचा टॉप २७० ला मिळाला की गिऱ्हाईक खूश होऊन पुढच्या स्टॉलकडे वळतं. ३० पेसो म्हणजे काही फार नाहीत. पण टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या आतेच्या वहीत त्या ३० पेसोंचं काय होतं, ते आज पाहू या.

आधी थोडी बाजाराची ओळख. एकाला एक लागून असलेल्या छोट्या छोट्या स्टॉलच्या बाजाराला फिलिपिन्समध्ये 'तियांग्गे' म्हणतात. शब्द मूळचा तिथला नाही, आशियातलाही नाही. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआट्ल भाषेत बाजाराला जो शब्द होता, तो तिथल्या स्पॅनिशमध्ये 'तियांगिस' झाला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतांचा व्यापार चालू होता. मेक्सिकोची चांदी इकडे यायची, चीनचं रेशीम तिकडे जायचं, आणि या ये-जा करण्यात हा शब्द मनिलाच्या बंदरात उतरला तो कायमचाच.

आज तियांग्गेची रूपं बरीच आहेत. मनिलामधलं दिविसोरिया म्हणजे स्वस्त आणि घाऊक मालाचं आगर. राजधानीच्या पूर्वेला ताइताइ हे गाव आहे, तिथे घरोघरी कपडे शिवले जातात आणि देशभरचे छोटे विक्रेते तिथून गठ्ठे उचलतात. ग्रीनहिल्समध्ये मोत्यांचे स्टॉल प्रसिद्ध आहेत, त्यातले कित्येक दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरून आलेले मुस्लिम व्यापारी चालवतात. थंड हवेच्या बागियो शहरात रात्री हॅरिसन रोडवरची वाहनं बंद करून रस्त्यावरच बाजार भरतो. माकातीसारख्या श्रीमंत भागात शनिवारी सालसेदोला आणि रविवारी लेगास्पीला खाण्यापिण्याचे आठवडी बाजार लागतात. आणि वर्षाच्या शेवटी येतात ते ख्रिसमसचे बझार. मॉलच्या मोकळ्या जागेत, चर्चच्या आवारात, शाळेच्या हॉलमध्ये, मोठ्या प्रदर्शन केंद्रांत, जागा मिळेल तिथे.

वर्षाचा शेवट म्हणजे तिथे सप्टेंबर बरं का! ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी 'बर' येतं, ते चारही महिने फिलिपिन्समध्ये ख्रिसमसचेच मानले जातात. सप्टेंबर उजाडला की दुकानांत नाताळची गाणी सुरू. आणि लोकांच्या हातात पैसाही याच काळात येतो, कारण १९७५ सालच्या एका हुकुमानुसार मालकाने नोकरदारांना तेराव्या महिन्याचा पगार द्यायचा असतो, तोही २४ डिसेंबरच्या आत. हा पैसा कुठे जातो? निनांग आणि निनोंग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपिता, यांना आपल्या मानलेल्या मुलांना भेटी द्याव्या लागतात, आणि एकेकीला अशी पाच-सात मुलं असतात. शिवाय ऑफिसात, शाळेत चिठ्ठ्या टाकून गुपचूप भेटी देण्याचा खेळ चालतो, 'मोनितो-मोनिता'. त्यात दर वेळी एक विषय ठरतो, या वेळी 'काहीतरी मऊ', पुढच्या वेळी 'काहीतरी लांब'. भेट किती पेसोंपर्यंतची, तेही आधीच ठरलेलं असतं. हुशार स्टॉलवाली या मर्यादेत बसतील अशा वस्तू पुढच्या रांगेत मांडते. मऊ मोजे, छोटा टॉवेल, लांब ओढणी. गिऱ्हाईक आलं की तिला विचारावंच लागत नाही, ते स्वतःच म्हणतं, "मऊ काय आहे?"

आता आतेची वही उघडू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हिशोब कोणत्याही स्टॉलला असाच लागू होतो. समजा, दोन दिवसांच्या बझारचं भाडं ६,००० पेसो. माल आणायचा-न्यायचा खर्च, हाताखालच्या मुलीची मजुरी, दोन दिवसांचं जेवण मिळून आणखी १,५००. म्हणजे एकूण ७,५००. ताइताइहून आणलेला टॉप १८० ला पडला आणि ३०० ला विकला, तर सुटतात १२०. फक्त खर्च भरून निघायला ६३ टॉप विकावे लागतील. तोवर आतेच्या घरी एक पेसो जात नाही.

आता प्रत्येकीने ३० पेसो कमी करून घेतले असं धरा. सूट १० टक्क्यांची, पण सुटणारे पैसे १२० वरून ९० वर आले. आता ६३ नाही, ८४ टॉप विकावे लागतील. एक तृतीयांश जास्त! दोन दिवसांचे मिळून वीस तास धरले तर तासाला चाराहून जास्त टॉप, आणि सकाळचा पहिला तास तर बझारमध्ये चिटपाखरू नसतं.

म्हणूनच अनुभवी बाई भावाची पाटी लिहितानाच तावादची जागा ठेवते. तिथल्या १९९२ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे वस्तूवर किंमत लावावी लागते आणि लावलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. कमी घेतली तर कोण अडवणार? त्यामुळे मनात ३०० असेल तर चिठ्ठीवर ३३० येतात, आणि ३० पेसो कमी करून घेतल्याचा आनंद दोघींनाही मिळतो. याला फसवणूक म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. मला तरी तसं वाटत नाही. दुसरी युक्ती म्हणजे एकावर सूट द्यायचीच नाही, तिनांवर द्यायची. त्यात एकाच गिऱ्हाइकामागे तिप्पट माल हलतो.

पण प्रत्येकीशी असं ताणून चालत नाही, कारण फिलिपिन्सच्या बाजारात 'सुकी' नावाचं एक नातं असतं. सुकी म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, आणि नेहमीच्या विक्रेत्यालाही सुकीच म्हणतात. दोघी एकमेकींच्या सुकी. सुकीला न मागता सूट मिळते, चांगला नग बाजूला काढून ठेवला जातो, पैसे कमी पडले तर "नंतर दे" म्हटलं जातं. बदल्यात ती दुसरीकडे जात नाही आणि मैत्रिणींना घेऊन येते. दोन दिवसांच्या बझारमध्ये मोठी अडचण हीच असते की सुकी जोडायला वेळच नसतो. म्हणून आते पिशवीत आपल्या पेजची चिठ्ठी टाकते, नंबर घेते, पुढचा बझार कुठे आहे ते सांगते.

आणि दिवसाची पहिली विक्री, 'बुएना मानो'! शब्द स्पॅनिश आहे, पण आपल्याला तो समजावून सांगायची गरज नाही, कारण ती आपली भवानीच. पहिल्या गिऱ्हाइकाला परत जाऊ द्यायचं नाही, दोन पेसो कमी घेऊन का होईना सौदा करायचा, आणि मिळालेली नोट बाकीच्या मालावर टेकवत फिरवायची, म्हणजे बरकत येते. सकाळी लवकर गेलात तर स्वस्त मिळतं ते यामुळेच. भाव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता टेबलाच्या आणखी एका बाजूला जाऊ, बझार भरवणाऱ्याच्या. बहुतेक बझारमध्ये ऑर्गनायझरला तुमच्या विक्रीतून काही मिळत नाही, त्याची कमाई भाड्यातून असते आणि भाडं आगाऊ घेतलेलं असतं. गर्दी झाली तरी त्याचे पैसे आले, नाही झाली तरी आले. म्हणजे गर्दीचा सगळा धोका स्टॉलवालीच्या डोक्यावर. ऑर्गनायझर चांगला की वाईट, ते इथेच कळतं. चांगला असेल तर तो एका प्रकारच्या मालाचे किती स्टॉल घ्यायचे ते आधी ठरवतो आणि सातवा साबणवाला आला तर त्याचे पैसे नाकारतो. नुसतं भाडं गोळा करणारा असेल तर साबणाचे सात स्टॉल शेजारी शेजारी लागतात, सगळे भाव पाडत बसतात आणि संध्याकाळी सातही जणी रडकुंडीला येतात. चांगला ऑर्गनायझर खाण्याचे स्टॉल दाराशी ठेवत नाही, अगदी आत ठेवतो, म्हणजे भुकेलं माणूस सगळी रांग पार करूनच पुढे जातं.

तारखेचंही तसंच. फिलिपिन्समध्ये पगार बहुधा महिन्यातून दोनदा होतो, १५ तारखेला आणि महिनाअखेरीला. पगाराच्या आधीचे जे खडखडाटाचे दिवस असतात, त्यांना तिथे 'पेत्सा दे पेलिग्रो', म्हणजे धोक्याची तारीख म्हणतात. भाडं स्वस्त दिसलं म्हणून १२ तारखेचा बझार घेतला, तर लोक येतात, कपडे अंगाला लावून पाहतात, फोटो काढतात आणि घरी जातात.

करारातली बारीक अक्षरंही वाचावी लागतात. माल लावायला आदल्या रात्री किती वाजता आत सोडणार, दिव्यांचे पैसे वेगळे का, वेळेआधी आवरलं तर दंड किती. सगळ्यात महत्त्वाचं, पाऊस आला तर काय? तिथे 'ऊन असो की पाऊस' अशी अट सर्रास असते, म्हणजे भाडं परत नाही. वादळं काही नाताळाला सुट्टी घेत नाहीत. २०२१ मध्ये ओदेत्ते हे वादळ आलं ते १६ डिसेंबरला, सेबू, बोहोल, सियारगावकडे. ऐन हंगामात.

मग भाड्याचे आणि मालाचे पैसे येतात कुठून? पहिला मार्ग 'पालुवागान'. दहा जणींनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. भिशी! बझारवाल्या बायका आपली पाळी नोव्हेंबरात यावी म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून प्रयत्नात असतात. शेजारणींमध्ये ही भिशी छान चालते. ऑनलाइन अनोळखी लोकांबरोबरच्या पालुवागानबद्दल मात्र तिथल्या सरकारी यंत्रणेने वारंवार सावध केलं आहे, कारण पैसे गोळा करणारीच गायब होते.

दुसरा मार्ग आपल्याला थोडा अवघडवणारा आहे. त्याचं नाव 'पाच-सहा'. ५,००० घ्यायचे, ६,००० परत करायचे, तेही साधारण महिना-दीड महिन्यात, रोज थोडे थोडे. हे कर्ज देणारा बहुधा मोटरसायकलवरून वसुलीला येतो आणि त्याला 'बुंबाय' म्हणतात. हो, आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून! प्रत्यक्षात या व्यवसायातले भारतीय मुख्यतः पंजाबी, पण तिकडे सगळ्याच भारतीयांना हा शब्द चिकटला आहे. आतेच्या वहीत या कर्जाचा अर्थ, वरचे १,००० पेसो फेडायला आणखी ९ टॉप, आणि सूट दिली असेल तर १२. व्याज भयंकर आहे, हे तिलाही कळतं. पण बँक कागद मागते, तारण मागते आणि बझार तर पुढच्या शनिवारी असतो. बुंबाय स्टॉलवर येऊन पैसे देतो. २०१७ मध्ये सरकारने याला पर्याय म्हणून छोट्या विक्रेत्यांसाठी महिना अडीच टक्क्यांपर्यंतच्या व्याजाची कर्जं सुरू केली. तरी पाच-सहा संपलेलं नाही.

ज्यांच्याकडे नव्या मालाचे पैसेच नसतात, त्या 'उकाय-उकाय'कडे वळतात. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून विकायचे. नाव पडलं ते ढिगाऱ्यात उकरून शोधण्यावरून. गंमत म्हणजे असे कपडे विक्रीसाठी आयात करायला १९६६ च्या कायद्याने बंदी आहे. जनतेचं आरोग्य आणि राष्ट्राची प्रतिष्ठा जपण्यासाठी, असं त्या कायद्याच्या शीर्षकातच लिहिलं आहे. आणि बागियोच्या त्या रात्रीच्या बाजारात सगळ्यात जास्त गर्दी असते ती याच ढिगाऱ्यांभोवती. गठ्ठा न उघडता घ्यायचा असतो, आत काय निघेल ते नशीब. एखादं भारी जॅकेट निघालं तर गठ्ठ्याचे बरेचसे पैसे सुटले, नाहीतर फाटके टी-शर्ट पुसायला.

एक पाटी मात्र तिथे लावता येत नाही, आपल्याकडे सर्रास दिसते ती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. फिलिपिन्सच्या व्यापार खात्याने अशा पाटीला मनाई केली आहे. माल खराब निघाला तर दुरुस्ती, बदल किंवा पैसे परत मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. नुसता रंग आवडला नाही म्हणून मात्र कोणी बदलून द्यायला बांधील नाही. तरी सुकी असेल तर आते देतेच.

२४ डिसेंबरच्या रात्री बझार आवरतो. ज्यांचा खर्च निघाला नाही त्या उरलेला माल घेऊन फोनपुढे उभ्या राहतात. लाइव्ह व्हिडिओत एकेक नग दाखवायचा आणि जी पहिल्यांदा 'माइन' लिहील तिचा तो. गावाकडच्या छोट्या सारी-सारी दुकानात काही माल टांगायला दिला जातो. पण ठिपक्यांचे टॉप कोणी स्वस्तात काढत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री फिलिपिन्समध्ये गोल ते शुभ मानतात, कारण नाणं गोल असतं. टेबलावर गोल फळं मांडायची आणि अंगात ठिपक्यांचे कपडे घालायचे. ज्या आतेने ते टॉप चार दिवस मागे ठेवले, ती ३० तारखेला कितीही "आते, लास्ट प्राइस?" झालं तरी ३०० च्या खाली येत नाही.