ताप पुन्हा चढतो तेव्हा

भाताची लावणी सुरू झाली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे तापाचे रुग्ण वाढतात. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू सुरुवातीला सारखेच दिसतात. त्यांवर आम्ही नेहमी लिहितो. या अंकाचा विषय मात्र रुग्णालयात दाखल झाल्यानंतर चढणारा ताप आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा थंडी वाजते, नातेवाईक ‘जरा भारी इंजेक्शन द्या’ म्हणून मागे लागतात. मूळ कधी सलाईनच्या सुईपाशी सुजलेल्या लालसर शिरेत असतं, कधी लघवीच्या नळीत. तिथे ती सुई किंवा नळी काढणं हाच निम्मा उपचार. शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी दोन वेगळ्या जागांहून रक्त कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, जायला हवं. श्रीवर्धनचा रुग्ण मुंबईला पोचेपर्यंत अनेकदा दोन-तीन डोस होऊन गेलेले असतात, कागदावर औषधाचं नाव नसतं. मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि पुढचा उपचार अंदाजाने होतो.

अशा अंदाजी उपचारांनी औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट झाले, असा अंदाज आहे. आपल्याकडे २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक औषध नियमांच्या एच-१ सूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आपल्या वॉर्डात कोणत्या जिवाणूवर कोणतं औषध चालतं, याचा तक्ता प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी करावा, अशी आमची मागणी आहे.

डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक, सगळ्यांनी आपले अनुभव जरूर कळवा. आणि रुग्ण दुसरीकडे हलवताना दिलेल्या औषधांची नावं व वेळा लिहून मागून घ्या.