आकाशमार्गावरील शेजारधर्म

बिनतारी संदेशांचा छंद असणाऱ्या मंडळींत एक खोड फार पसरलेली आहे. प्रक्षेपक यंत्र एरियलशीं जुळवून घेतांना क्षणभर लहरी सोडाव्या लागतात. आणि पुष्कळ गृहस्थ त्या नेमक्या तेथेंच सोडतात, जेथें इतरांचें बोलणें चाललेलें असतें. ऐकणाराच्या कानांत एक लांबलचक शिटी घुसते व दूरदेशींचा क्षीण आवाज तिच्यांत बुडून जातो. भजनास रंग चढला असतां मागच्या रांगेंत कोणी तबल्यावर हातोडी मारीत बसावें, तशांतलाच हा प्रकार!

त्यांचा हेतु वाईट नसतो, हें मी कबूल करतों. खरी गोम अशी कीं, लहरी सोडीत असतां त्यांचें ग्राहक यंत्र बहुधा बंद असतें. आपण दिलेला उपद्रव स्वतःच्या कानीं येतच नाहीं. शिवाय, आपणांस शांतता भासली म्हणून ती कंपनसंख्या मोकळीच आहे असें समजणें चुकीचें होय. आखूड लहरी आकाशांतील विद्युन्मय थरावरून परतून दूर उतरतात. मधल्या पट्ट्यांत त्या ऐकूं येत नाहींत. त्यामुळें दोघांच्या संभाषणांतील एकच जण आपणांस ऐकूं यावा, किंवा एकही येऊं नये, हें नित्याचेंच आहे. म्हणून आधीं कांहीं वेळ ऐकावें, मग 'क्यू-आर-एल?', म्हणजे ही जागा कोणी वापरीत आहे काय, असें विचारून उत्तराची वाट पाहावी.

एरियलऐवजीं ५० ओहमचा भार जोडला, तर यंत्राची प्राथमिक जुळवाजुळव त्यावर होते. सारी शक्ति उष्णतेच्या रूपानें तेथेंच जिरते. पालकांनीं मुलास यंत्र घेऊन देतांना हा भारही घेऊन द्यावा. खऱ्या एरियलवर शेवटचा हात फिरवावा लागतो खरा. पण तें काम अल्प शक्तीनें, मोकळ्या जागीं, आपलें संकेतनाम सांगून चार-दोन सेकंदांत उरकतां येतें. तबकडीवरचे आंकडे वहींत टिपून ठेवले असल्यास त्याहूनही लवकर.

कोणी म्हणेल, दहा सेकंदांनीं काय बिघडलें? १४.१०० मेगाहर्ट्झवर जगांतील १८ दीपकेंद्रांची योजना आहे. प्रत्येकाची पाळी दर ३ मिनिटांनीं येते, व ती असते १० सेकंदांचीच. तेवढ्यांत तें केंद्र आपलें संकेतनाम सांगून १०० वॅटपासून १०, १ व शेवटीं ०.१ वॅटपर्यंत उतरतें. लहरी कोठवर पोहोंचतात, हें त्यावरून कळावयाचें. एक शिटी पडली कीं एक देश नकाशावरून पुसला गेला!

२००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद या पोर्ट ब्लेअरहून व्ही-यू-४-आर-बी-आय या संकेतनामानें जगाशीं बोलत होत्या. अंदमानसारखें दुर्मिळ स्थळ म्हणून हौशी लोकांची झुंबड उडालेली. २६ तारखेस भूकंप झाला, समुद्र चढून आला, आणि त्याच छंदाच्या यंत्रावरून बेटांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीस जाऊं लागले. काल मौजेची असलेली जागा आज कोणाच्या तरी भावाची खबर सांगत होती. न ऐकतां शिटी वाजविणाऱ्यास हा फरक कळावा कसा?

मात्र त्याच्यावर खेंकसणारेही मला फारसे निर्दोष वाटत नाहींत. 'अहो, बंद करा!' म्हणून तिघे-चौघे एकदम ओरडूं लागले, म्हणजे शिटी थांबते, पण गोंगाट उरतो. त्यांतून तो गृहस्थ ऐकत नाहीं, ही तर मूळ तक्रार! संकेतनाम कळलें असेल तर मागाहून त्यास दोन ओळींचें पत्र लिहावें. नसेल, तर तबकडी किंचित् फिरवून आपलें बोलणें पुढें चालवावें.