नौदलाचे दोन दरवाजे

अग्निपथ योजनेखाली नौदलाने २०२२ साली पहिल्यांदा अर्ज मागवले तेव्हा सुमारे साडेनऊ लाख तरुणांनी नावे नोंदवली. त्यांत ८२ हजारांवर मुली होत्या. ओडिशातील आयएनएस चिल्का येथून प्रशिक्षण पुरे करून पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली, तेव्हा तीत २,५८५ अग्निवीर होते आणि त्यांपैकी २७० हून अधिक मुली होत्या. हे आकडे सरकारने अभिमानाने सांगितले. परंतु या २,५८५ जणांत अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, भटक्या-विमुक्तांचे किती, असा प्रश्न केला की उत्तर एकच मिळते : सैन्यदलांची भरती जात-धर्म न पाहता होते, म्हणून अशी आकडेवारी ठेवली जात नाही.

२०२२ च्या जुलै महिन्यात सैन्यभरतीच्या कागदपत्रांत जातीचा आणि धर्माचा दाखला मागितला जातो यावरून संसदेबाहेर गदारोळ झाला होता. ही पद्धत नवी नाही, स्वातंत्र्यापूर्वीपासूनची आहे, असा खुलासा सरकारने केला. पद्धत जुनी आहे हे आम्हांस मान्य आहे. पण दाखले घेता येतात, तर त्यांची बेरीज करण्यात अडचण कोणती? जात पाहायचीच नसेल तर दाखला कशाला, आणि दाखला हवाच असेल तर आकडा का नाही, एवढे साधे कोडे आजवर कोणत्याही संरक्षणमंत्र्याने सोडवलेले नाही.

आमचे वाचक म्हणतील, सैन्याचे ठीक, पण नौदलाचेच एवढे काय? आमच्या वस्त्यांतून फौजेत जाणारा मुलगा नौदलाचे नाव फारसे घेत नाही. तो पहाटे उठून धावतो, मैदानावर उतरतो, पायदळाच्या भरतीला जातो. महार रेजिमेंटची परंपरा त्याच्या घरात सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. नौदलाची गोष्ट निराळी आहे. तिथे धावण्याची कसोटी आहेच, मुलांसाठी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींसाठी आठ मिनिटांत. आमच्या पोरांना हे अंतर अवघड नाही. ती अडतात ती त्याच्या कितीतरी आधी, अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर.

नौदलात अधिकारीपदाच्या खाली शिरायचे तर मुख्यतः दोन दरवाजे आहेत. पहिला एसएसआर, म्हणजे सिनियर सेकंडरी रिक्रूट. त्यासाठी मुख्यतः बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय लागतात आणि एकूण किमान ५० टक्के गुण. या दरवाजाने आत गेलेला मुलगा इंजिनरूममध्ये, रडारवर, विद्युत यंत्रणेवर, शस्त्रांवर, संदेशवहनावर जातो. दुसरा दरवाजा एमआर, म्हणजे मॅट्रिक रिक्रूट. त्याला दहावी पुरते. या दरवाजाने आत गेलेल्यासाठी कामे तीन : स्वयंपाकी, वाढपी आणि हायजिनिस्ट. हायजिनिस्ट हा शब्द ऐकायला चांगला आहे. काम मात्र जहाजावरील संडास-मोऱ्या आणि इतर जागा स्वच्छ ठेवण्याचे आहे. इंग्रजांच्या काळात या माणसाला जहाजावर ‘टोपास’ म्हणत आणि ते काम कोणत्या जातींच्या वाट्याला येई हे सांगण्याची गरज नाही. नाव बदलले, गणवेश आला, पगार आला. पण आज त्या जागांवर कोण आहे? आकडेवारी ठेवायची नाही या धोरणामुळे हा प्रश्न कायमचा अंधारात राहतो. आमचा आक्षेप स्वच्छतेच्या कामाला नाही. ज्या देशात हे काम हजारो वर्षे जन्मावरून वाटले गेले, तिथे ‘आम्ही मोजत नाही’ हे उत्तर निरागस असू शकत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता पहिल्या दरवाजाकडे आमची मुले का जात नाहीत ते पाहू. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेची तुकडी अनुदानित असते, विज्ञानाची पुष्कळदा विनाअनुदानित. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजी पुस्तक हाती येते. गणिताला घाबरून तो कला शाखेत जातो, आणि ज्या दिवशी जातो त्या दिवशी नौदलाचा मोठा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. हे त्याला त्या वेळी कोणी सांगत नाही. अठराव्या वर्षी जाहिरात पाहिल्यावर कळते, तेव्हा वेळ गेलेली असते. पुढे संगणकावरील परीक्षा आहे. एसएसआरसाठी इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान, एका तासात शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, आणि प्रश्नपत्रिका फक्त हिंदी व इंग्रजीत. शुल्क ५५० रुपये, वर जीएसटी. शेतमजुराच्या घरात ही रक्कम म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी होते.

जहाजावर कामाची भाषा इंग्रजी आहे, यंत्रांची पुस्तके इंग्रजीत आहेत, हे खरे. म्हणून इंग्रजीचा एक विभाग ठेवा, कडक ठेवा. पण दहावीच्या पातळीची एमआरची परीक्षा मराठीत द्यायला काय हरकत आहे? केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाईभरतीची परीक्षा १ जानेवारी २०२४ पासून हिंदी-इंग्रजीसह १३ प्रादेशिक भाषांत घेण्याचे केंद्रीय गृहमंत्रालयाने ठरवले, त्यांत मराठी आहे. सीमेवर उभ्या राहणाऱ्या शिपायाला जी सवलत मिळाली ती समुद्रावर जाणाऱ्याला का मिळू नये?

गुणवत्तेचा मुद्दा इथे हमखास निघतो. देशाच्या रक्षणात तडजोड नको, म्हणून सैन्यात आरक्षण नको, असे सांगितले जाते. आम्ही वकिली करतो, तेव्हा हा युक्तिवाद जरा उलटतपासणीला उभा करू. नौदलाच्या भरतीत लेखी परीक्षेची कट-ऑफ राज्याराज्याप्रमाणे वेगळी असू शकते, कारण जागा राज्यवार वाटलेल्या असतात. म्हणजे एका राज्यातला मुलगा जेवढ्या गुणांवर आत जातो, तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या राज्यातला बाहेर राहू शकतो. हे नौदलाला चालते, आणि चाललेच पाहिजे, कारण देश सगळ्यांचा आहे. मग राज्याच्या नावाने जे न्याय्य ठरते ते जातीच्या नावाने देशाला धोकादायक कसे ठरते? दुसरी गोष्ट मुंबईच्या गोदीची. नौदलाच्या गोदीतील मुलकी कामगारांची भरती आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणे होते, कारण ती केंद्र सरकारची नागरी पदे आहेत. त्याच फिटरांनी आणि वेल्डरांनी दुरुस्त केलेल्या युद्धनौका खोल समुद्रात जातात. धक्क्यावर उभा राहून इंजिन दुरुस्त करणारा आरक्षणातून आला तर नौका बुडत नाही, मग त्याच इंजिनापाशी गणवेश घालून उभा राहणारा आरक्षणातून आला तर ती बुडेल काय? तिसरी गोष्ट, सैनिकी शाळांत २०२१-२२ पासून अनुसूचित जाती, जमातींबरोबर इतर मागासवर्गीयांनाही राखीव जागा आहेत. आणि चौथी तर मौजेची आहे : चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांसाठी केंद्रीय पोलीस दलांत १० टक्के जागा राखून ठेवण्याची घोषणा सरकारने २०२२ मध्येच केली. राखीव जागा या शब्दाचे वावडे सरकारला नाही. ते कोणासाठी वापरायचे याचे आहे.

मात्र वाचकांची दिशाभूल आम्ही करणार नाही. राज्यघटनेचे कलम १६(४) हे राज्याला आरक्षण देण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. सरकारला आरक्षण द्यायला भाग पाडणारा आदेश न्यायालय देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. अग्निपथ योजनाही दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी वैध ठरवली आणि १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली. तेव्हा ही लढाई रिट अर्जाची नाही, संसदेतील प्रश्नोत्तराची आणि रस्त्यावरची आहे. नौदलातील स्त्रियांची गोष्ट वेगळी होती. १९५७ च्या नौदल कायद्यातील कलम ९(२) स्त्रियांना दूर ठेवत होते, सरकारने अधिसूचना काढून काही शाखा उघडल्या, आणि मग कायम नियुक्तीसाठी अॅनी नागराजा खटल्यात १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. कारण तिथे एकदा आत घेतल्यावर भेदभाव झाला होता. नौसैनिक म्हणून मुलींना दरवाजा उघडला तो २०२२ मध्ये.

आमच्या समाजाला सैन्यभरतीचा दरवाजा बंद होणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. छावणीतल्या शाळेने आणि पेन्शनने कोकणातल्या महार घरांत अक्षर आणले. १८९२ मध्ये महारांची भरती थांबवली गेली तेव्हा नोकरीबरोबर ती शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज केले, आणि १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून भरतीच्या अटीतला एखादा विषय, एखादे वर्ष, एखादी टक्केवारी आम्ही किरकोळ मानत नाही.

नौदलाने स्वतःचाही इतिहास आठवावा. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही दहा पटींहून अधिक वाढली. यंत्रे आणि बिनतारी संदेश सांभाळायला शिकलेली पोरे हवी होती, म्हणून त्यांना मोठमोठी आश्वासने देऊन भरती केले. हाती आले निकृष्ट अन्न, शिवीगाळ, आणि युद्ध संपताच घरी जाण्याची धास्ती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी काम थांबवले आणि बघता बघता ७८ जहाजे व सुमारे २० हजार नौसैनिक त्यात उतरले. न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांच्या आयोगाने कारणे शोधली, तेव्हा न सोडवलेल्या तक्रारींत भरतीच्या वेळच्या खोट्या आश्वासनांचीही नोंद झाली.

आज आश्वासन काय आहे? पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हाती २१ हजार. चार वर्षांनी सेवानिधी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. लोकांना वाटते सरकार अकरा लाख देते. मुद्दलाचे निम्मे, पाच लाख दोन हजार, हे त्या पोराच्याच पगारातून कापलेले असतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मूळ आखणीप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे घरी. पूर्वी एसएसआरने शिरलेल्याची सुरुवातीची बोली २० वर्षांची असे आणि तो पेन्शन घेऊन बाहेर पडे. नौदलाची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखल झाली, तिची चार वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात. ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, त्याला चार वर्षांचा अनुभव हे भांडवल. ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्यासाठी बाविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे.

अमेरिकेचे नौदल पाहा. २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यांना ३७,७०० नौसैनिक हवे होते आणि ७ हजारांहून अधिक कमी पडले. धडधाकट, परीक्षा पास होणारी मुले मिळेनात. त्यांनी काय केले? जी मुले चाचणीत वा वजनात थोडक्यात अडत होती, त्यांच्यासाठी ग्रेट लेक्स येथील प्रशिक्षण केंद्रात पूर्वतयारीचा वर्ग उघडला, शिकवले, पळवले आणि मग भरती केले. पुढच्या वर्षी ४०,६०० चे लक्ष्य त्यांनी ओलांडले. चार वर्षे सेवा करून बाहेर पडणाऱ्याला तिथे महाविद्यालयाचा खर्च मिळण्याची सोय कायद्यानेच आहे. अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, तिथेही गरीब घरची पोरेच फौजेकडे अधिक ओढली जातात ही टीका जुनी आहे. सांगायचे ते एवढेच की गुणवत्ता ही आकाशातून पडत नाही, गरज पडली की नौदल ती तयार करते. आपल्याकडे एका जागेमागे शेकडो अर्ज असतात, म्हणून नौदलाला फक्त चाळणी लावायची असते. आणि चाळणीत वर कोण राहते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

चळवळीतील काही मित्र म्हणतात की अशा चार वर्षांच्या नोकरीवर बहिष्कारच घालावा. आम्हांस हे पटत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या सुरत, निलगिरी आणि वाघशीर या युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी नौदलात आल्या. जहाजे वाढत आहेत, माणसे लागणारच. आमच्या मुलांनी जावे, मुलींनी तर जरूर जावे, पण पहिल्या दरवाजाने जावे आणि बोलीचे कागद वाचून जावे.

त्यासाठी दहावीचा निकाल लागायच्या आधी काम सुरू करावे लागते. बार्टीने आणि सामाजिक न्याय विभागाने भरतीपूर्व प्रशिक्षणात मैदानाइतकाच वेळ गणित आणि भौतिकशास्त्राला द्यावा, समाजकल्याणच्या वसतिगृहात विज्ञान शाखेच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग असावा. विहारात दर रविवारी वंदनेनंतर जमणाऱ्या तरुणांत अभियंते आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त नौसैनिकही आहेत. त्यांनी दोन तास दिले तर कुणाची परवानगी लागणार नाही. आणि आपल्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांकडून, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, पुढच्या अधिवेशनात तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत : २०२२ पासून नौदलात एसएसआर आणि एमआर म्हणून घेतलेल्या अग्निवीरांत अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण दोन्हींत वेगवेगळे किती, हायजिनिस्ट म्हणून नेमलेल्यांत किती, आणि चार वर्षांनी कायम केलेल्यांत किती. आकडेवारी ठेवली जात नाही असे उत्तर आले तर ते उत्तरही छापून आम्हांकडे पाठवावे.