कात्री आणखी कुठे चालली?

मोहन्याच्या आमच्या मंडळात एक बाई येते. तिच्या १४ वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सासरचे म्हणतात, तुझ्याच रक्तात खोट. खरे तर आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय हा आजार होत नाही. पण बापाच्या रक्ताचा विषय त्या घरात निघत नाही. परवा ती वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. "ताई, जनुकं कापून आजार कायमचा जातो म्हणे. खरं का?"

बरेचसे खरे आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत कॅसगेव्ही या उपचाराला थॅलेसेमियासाठी मंजुरी मिळाली. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या रेणूकात्रीने त्यांच्या जनुकांत ठरावीक जागी काप द्यायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. अनेकांचे रक्त चढवणे थांबले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठीचे असेच तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. म्हणजे प्रश्न आपल्या दाराशी आला आहे.

कात्री फक्त कापते. सांधण्याचे काम पेशी आपल्या पद्धतीने करते. २०१८ साली इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या संशोधकांना आढळले की कापाजवळचा जनुकीय मजकूर कधी कधी हजारो अक्षरांनी गळून पडतो. आधी हे कोणाला दिसले नव्हते, कारण चाचण्या कापालगतचा छोटासा तुकडाच तपासत होत्या! शिवाय कात्री मिळत्याजुळत्या दुसऱ्या जागीही चालू शकते. अशा जागा शोधायच्या त्या कोणाच्या जनुकांत? २०२२ मध्ये दिसून आले की आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एका अक्षराच्या फरकामुळे याच उपचारातल्या कात्रीला एक जादा जागा सापडते. नेहमीच्या नमुना-जनुकसंचात ती जागा नाहीच. मग उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचे काय, नंदुरबारच्या भिल्लांचे काय? प्रयोगशाळेत दिसले ते रुग्णांत होईलच असे नाही, हेही मी तिला सांगितले.

कात्रणात नसलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. कापलेल्या पेशी परत देण्याआधी हाडांतला मगज बुसल्फान या जहाल औषधाने रिकामा करतात. त्याने बीजांडकोश निकामी होऊ शकतात. पाळी थांबू शकते, मूल होणे कठीण होते. आईच्या रक्तात खोट काढणारे घर उद्या मुलीला काय म्हणेल?

नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांत बायकांना पुरेशी माहिती न देता टोचले जात होते, म्हणून १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आदी गट सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाचीच मागणी आज पुन्हा करावी लागेल. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवे, आणि बीजांडकोशाबद्दल मुलीच्या समोर, तिच्याशीच बोलले पाहिजे. या उपचारानंतर १५ वर्षे लक्ष ठेवायचे असते. लग्न होऊन आडनाव, गाव बदललेल्या मुलीला कोण शोधत जाणार?

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि नाही केलं तर?"

नाही केले तर रक्त चढवणे चालूच. त्यातून साठणारे लोह हृदय आणि यकृत खाते, वयात येणेही लांबवते. तेही सांगितले. पुढच्या बैठकीला ती मुलीला घेऊन येणार आहे.