तालमीशेजारी रिंगण हवं

हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक पाण्याच्या ताळेबंदावर बोलतात, बोअरबंदीवर बोलतात. आमच्या नगर तालुक्यातली म्हातारी माणसं मात्र आधी सांगतात, की हे पैलवानांचं गाव होतं. १९७२ च्या दुष्काळानंतर शिवार उजाड झालं, माणसं पोटापाठी बाहेर पडली आणि गावात हातभट्टी व भांडणं उरली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. ती कहाणी शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

मला त्यातली भांडणं महत्त्वाची वाटतात. तरण्या पोराच्या अंगातली रग जाते कुठे? मी पलटणीत बॉक्सिंग खेळलो. उस्तादांनी सुरुवातीला ठोसा मारूच दिला नाही, नुसते पाय चालवायला लावले. रागावलेला गडी पहिल्या फेरीत हात फिरवतो आणि तिसरीत गार्ड धरायलाही त्याला दम उरत नाही, हे तिथं डोळ्यांनी पाहिलं. गल्लीतल्या मारामारीत हे कोण शिकवणार?

इंग्लंडात एकेकाळी उघड्या मुठींनी, एक जण उठेनासा होईपर्यंत झुंज चाले. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले, तीन मिनिटांची फेरी आणली, पडलेल्याला उठायला दहा सेकंद दिले. नियमांना नाव उमरावाचं मिळालं, रिंगणात उतरली ती बहुतेक गरिबांची पोरं. आपल्याकडेही मेरी कोम मणिपूरच्या शेतकरी घरातली. आपल्या बुलढाण्याचा अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियात सुवर्ण जिंकून आला. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर तर गावच्या कुस्तीतून फौजेत गेले, तिथं बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तरी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवलं. कुस्ती आणि बॉक्सिंग यांत वैर नाही, हे सांगायला एवढा एक माणूस पुरे.

बॉक्सिंग सोवळं आहे असं मी म्हणत नाही. १९८८ मध्ये सोलच्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला पंचांनी उघड उघड हरवलं. डोक्याला मार बसतो, म्हणून लहान पोरांना हेडगार्डशिवाय उतरवू नये. पण कुस्तीवाल्यांनी नाक मुरडू नये. २०२५ ची महाराष्ट्र केसरी आपल्या नगरातच झाली आणि तिथं निकालावरून पंचाला लाथ बसली!

कुस्तीच्या मॅटला पैसे लागतात, रिंगणाला कमी. चार खांब, दोर, मोजांच्या दोन-तीन जोड्या, हेडगार्ड आणि एक पोतं. पोत्यात वाळू भरू नका, ती खाली बसून दगड होते आणि मनगट जातं. जुने कपडे कोंबा. शिकवायला माणसं आहेत: नगरात रणगाड्यांचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे, आणि गावोगाव निवृत्त हवालदार पारावर बसलेत. मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या. ऑलिम्पिकला त्यांच्यासाठी दार उघडायला २०१२ उजाडलं, आपण तेवढं थांबायचं कारण नाही.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाचं माप मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. तिथंच एकदा हा विषय घ्यावा. पोतं मी देतो, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या ज्याच्या त्याने आणाव्यात.