मंदीत खरेदीची सक्ती कोणासाठी?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एक योजना जाहीर केली. कोरोनामुळे प्रवास थांबला होता, अर्थव्यवस्था कोसळली होती. रजा प्रवास सवलतीचे पैसे रोख घ्या आणि बाजारात खरेदी करा, असे सरकार सांगत होते. अटी वाचण्यासारख्या होत्या. भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी, तीही ३१ मार्च २०२१ पर्यंत, जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानातून, रोखीने नाही. आणि वस्तू १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटीचीच!

रेल्वेभाड्याला पात्र कर्मचाऱ्यासाठी माणशी ६,००० रुपये धरले होते. चौघांच्या कुटुंबाचे २४,००० झाले. ते पूर्ण पदरात पाडून घ्यायचे तर ७२,००० रुपयांची खरेदी, म्हणजे ४८,००० स्वतःच्या खिशातून. शिपाई आणि सफाई कामगारांच्या पदांवर आपली माणसे किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. (कंत्राटी सफाई कामगाराला तर ही सवलतच नाही, तो हिशेबातही नव्हता.) याच कर्मचाऱ्यांचा वाढीव महागाई भत्ता सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोठवला होता. त्या अठरा महिन्यांची थकबाकी पुढे दिलीच नाही. हक्काचे पैसे अडवायचे आणि वर खरेदीला पाठवायचे, हा कुठला न्याय?

या योजनेत सुटा तांदूळ बसत नव्हता. मुलांची शाळेची फी आणि छापील पुस्तकही बसत नव्हते, कारण त्यांवर जीएसटीच नव्हता. फ्रिज आणि मोबाइल मात्र चालत होते. ज्या घरात पोरगी शिकते आहे त्या घराची गरज सरकारच्या लेखी मागणी ठरली नाही. हप्त्यावर वस्तू घेऊन नंतर थकबाकीच्या नोटिसा हातात धरून वकिलाकडे येणारी माणसे मी रोज पाहतो. त्यांना आणखी खरेदी करायला सांगणे हे कल्याणकारी राज्याचे काम नाही.

मंदीत सरकारने खर्चच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. केलाच पाहिजे. पण मजुराच्या हातातला रुपया त्याच दिवशी गावच्या दुकानात जातो, श्रीमंताच्या सवलतीचा रुपया तिजोरीत पडून राहू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राने मंजूर केलेला वाटा ३५,५३४ कोटी, तोही पाच वर्षांसाठी. रोजगार हमीवर २०२०-२१ मध्ये सुधारित अंदाजाप्रमाणे १,११,५०० कोटींचा खर्च होता. पुढच्याच अर्थसंकल्पात तरतूद ७३,००० कोटींवर आली. शहरातून उपाशी परतलेल्या मजुराचे दिवस एका वर्षात पालटले होते काय?

महाराष्ट्राला दुसरा मार्ग ठाऊक होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर आली, त्यांत भूमिहीन दलित मोठ्या संख्येने होते. पुढे पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून त्या पैशातून रोजगार हमी चालवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या मजुरीला हातभार लावायचा, अशी ती रचना होती. त्या तलावांचे पाणी कोणाच्या विहिरींना उतरले, हा प्रश्न आहेच. पण मजुरी मजुराच्या हातात पडत होती.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यात लूटमार माजली असता पुरोहित राजाला हेच सांगतो. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे. आधी खरेदीची पावती आण, असे तो सांगत नाही.

पुढचे पॅकेज जाहीर होईल तेव्हा आपल्या कर्मचारी संघटनांनी पहिल्याच दिवशी मजुरीचा आकडा आणि कंपन्यांच्या सवलतीचा आकडा शेजारी शेजारी मागावा. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणातला निधी त्यात धरला आहे की नाही, हेही लेखी विचारावे.